आकसपट्टी

वडिलांच्या पेटीत दोन पट्ट्या होत्या.
एक दुकानात मिळते तसली.
दुसरी खोटी,
तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून केसभर मोठा.
बीड निवताना आकसतं, म्हणायचे,
फर्मा करताना आपण आधीच खोटं मोजायचं.

उद्यमनगरात, मगदुमांच्या फौंड्रीत,
अठ्ठ्याऐंशी साली कॉम्प्युटर आला.
भूपालशेठनी पुण्याहून एसटीनं आणला, मांडीवर ठेवून.
वहीएवढा. रबरी बटणं, खोडरबरासारखी दबणारी.
टीव्ही शेठच्या माडीवरचा, टेपरेकॉर्डर आमचा,
आणि इंग्रजी वाचणारी म्हणून मी, नववीतली.
एका उन्हाळ्यात मी त्याला फ्लायव्हीलचं वजन काढायला शिकवलं.
वडील शेजारी लाकडाच्या ढलपीवर पेन्सिलीनं
तेच गणित करायचे,
आणि कॉम्प्युटरच्या आधी संपवून
चहा प्यायला जायचे.

आता मी कळंब्याच्या फ्लॅटमध्ये रात्री
तोच कॉम्प्युटर पुन्हा घडवते आहे,
लॅपटॉपच्या पोटात, नुसत्या अक्षरांचा.
तयार एमुलेटर फुकट मिळतात की, मुलगा म्हणतो.
मिळतात.
पण आमच्याकडे पोत्यात बांधून यायचा
कुठल्याशा विलायती इंजिनाचा मोडका पार्ट.
नकाशा नाही. कंपनी कधीच बुडालेली.
वडील तो दोन दिवस नुसता हातात फिरवायचे,
झिजलेली बाजू कुठली आणि मुळातलीच वाकडी कुठली
हे बोटांना कळेपर्यंत.
मग त्याचा जुळा ओतून निघायचा.

मीही तेच करते. एकेक आज्ञा हातात घेऊन फिरवते.
पुस्तकात छापलेल्या आज्ञा सोप्या.
न छापलेल्याही त्या चिपला कळायच्या,
त्याही घ्याव्या लागतात.
जुनं यंत्र जिथं चुकायचं
तिथं ह्यानंही चुकलं पाहिजे,
नाहीतर ती नक्कल कसली.
आणि वेग. सेकंदाला पस्तीस लाख ठोके
म्हणजे ह्या लॅपटॉपला डुलकी.
त्याला मी थांबायला शिकवलं.
काम चिमूटभर, बाकी सगळं थांबणं.

कॅसेटवर वडिलांचं अक्षर: वजन २.
लावली. पडद्याच्या कडेला लाल-आकाशी पट्टे,
मग निळे-पिवळे, आणि तो किंचाळणारा आवाज,
घरातली मांजर अजून माळ्यावर आहे.
मध्येच किंचाळणं थांबलं.
फौंड्रीचा पंखा. कुणीतरी खोकलं.
"आवर गं, वीज जाईल."
पुन्हा किंचाळणं.
टेप लोडिंग एरर.

पिन निघाली असणार तेव्हा.
रेकॉर्डरनं खोलीच भरून घेतली.
मागचं पुढचं मी हातानं जुळवलं,
गेलं ते एवढंच: ओळ एकशेचाळीसमधला एक आकडा.
आकस किती धरायचा, तो.

मगदुमांच्या जागी आता टाइल्सचं शोरूम.
हिंदुराव मोल्डर मात्र सापडले, पलीकडच्या गल्लीत,
नातवाच्या गॅरेजबाहेर खुर्चीवर.
"बिडाला शंभरास एक, हे कुणीबी सांगंल.
तुझा बा पाऊणच धरायचा.
मगदुमाची वाळू सैल, साचा फुगायचा.
फुगलेलं आनि आकसलेलं, फिट्टंफाट."
मग विचारलं, "कशाला पायजे तुला? फौंड्री काढतीस?"
मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं,
आणि म्हणाले, "मग वाळूबी भरलीस का त्यात?"

घरी येऊन पाऊण टाकला.
व्यास विचारला, दिला. जाडी विचारली, दिली.
थांबलं, शिकवल्याइतकं.
एकशे बारा किलो.
ढलपी असती तर ताडून पाहिलं असतं.

प्रोग्रॅम दुरुस्त करून वेगळा ठेवला आहे.
कॅसेट अजून तिथंच अडते.
त्या दिवशी वीज गेली होती का
ते काही केल्या आठवत नाही.